लेकीची नणंद

सोलापूर,
३ जुलै १९७३

चि. भीमाशंकर यास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

नंदा सुखरूप पोचल्याची तार मिळाली. तुझ्या दाजींनी ती दुकानात येईल त्या गिऱ्हाईकाला वाचून दाखवली. एक जण म्हशीला पेंड घ्यायला आला होता, तो तार ऐकून पेंड न घेताच निघाला होता. त्याला हाका मारून परत बोलवावं लागलं.

माझी पंचाईत वेगळीच झाली आहे. आजवर तुला पत्र लिहायचं म्हणजे कान पिळायला बसायचं, एवढंच मला माहीत. आता तू जावई झालास. जावयाला मान द्यायचा की भावाला दटावायचं? मी ठरवलं, मान पाकिटावर आणि कान आतमध्ये.

तू अमेरिकेला गेलास तेव्हा सगळी गल्ली मला सांगत होती, "आता कुटला येतोय त्यो? मडम घिऊन यील बगा." पोरगी झाली की पहिला हक्क मामाचा, मामा नको म्हणाला तरच बाहेरचं स्थळ, ही आपली रीत. नंदा पाळण्यात असताना तू शाळेच्या खाकी चड्डीत तिला झोके देत होतास आणि बायका तुला चिडवत होत्या. तू रडत पळून गेला होतास. पण मोठा डॉक्टर होऊन आलास आणि गुमान हळदीला बसलास. माझी मान उंच झाली.

लेक दिली की परक्याची होते म्हणून आया रडतात. मी सांताक्रूझच्या विमानतळावर रडले नाही. कुठे चालली होती ती? माझ्याच भावाकडे. सासू म्हणावी तर ती तिची आजी, ती बिचारी कधीच गेली. नणंद म्हणावी तर मीच. अशी नणंद कुणाला मिळते? आपली धाकटी सुगला तर म्हणत होती, "माझं बी असंच घरातल्या घरात कर की." चौदा वर्षांची झाली नाही आणि जिभेला हाड नाही.

एक मात्र आत्ताच कबूल कर. पहिलं बाळंतपण माझ्या हातचं. इथे पाठव, नाहीतर मला तिथे ने. बाकी तुमच्या संसारात मी नाक खुपसणार नाही.

नंदा अजून तुला मामाच म्हणत असेल. रागवू नकोस. सवय आहे, जाईल हळूहळू.

तुझी,
अक्का

*

ओहायो,
१९ ऑगस्ट १९७३

ती. अक्कास भीमाशंकरचा साष्टांग नमस्कार.

नंदा मजेत आहे. पहिले काही दिवस खिडकीत बसून मोटारी बघायची, आता बाजारात एकटी जाते. तू विचारलं होतंस, आमच्या इस्पितळात गोरे डॉक्टर माझं ऐकतात का. अक्का, गोरे डॉक्टर आहेत, पण भिंतीवरच्या जुन्या फोटोंत. हे पोलादाच्या कारखान्यांचं गाव. धुराळ्यात राहायला इथले शिकलेले लोक तयार नाहीत, म्हणून आम्हाला बोलावलं. फिलिपिन्सचे दोघे, एक कोरियाचा, एक कराचीचा, एक इराणी, तीन पंजाबी आणि मी. नर्सा बहुतेक काळ्या. कामगार पोलंड आणि हंगेरीकडून आलेल्यांची मुलं. या महिन्यात चर्चमध्ये सगळ्या देशांचं जेवण झालं. नंदा इरकली नेसून गेली. तू दिलेल्या पिठाच्या भाकरी आणि शेंगाचटणी लोकांनी पुन्हा पुन्हा मागून खाल्ली. गावच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो आला.

आता खरं लिहितो. मागच्या रविवारी डॉक्टर चोप्रांकडे जेवायला गेलो होतो. सगळे आपल्या देशातलेच. नंदानं भरल्या बैठकीत मला हाक मारली, "मामा, पाणी द्या की." तिथे एखादी गोरी बाई असती तर तिला काही कळलं नसतं. पण मामा म्हणजे कोण हे पंजाब्याला शिकवावं लागत नाही. चोप्राच्या बायकोनं हसत विचारलं आणि नंदानंही हसत सगळं सांगितलं. माझ्या आईचा सख्खा भाऊ, आमच्यात असंच असतं, वगैरे. त्या बाईनं हातातला चमचा खाली ठेवला. चोप्रा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बहन की बेटी से? तुम लोग हिंदू ही हो ना?"

त्यानंतर आमच्याकडे कुणी आलेलं नाही. आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. इथल्या कायद्यात असं लग्न गुन्हा आहे. कुणी अर्ज केला तर माझं डॉक्टरकीचं लायसन जाईल, आम्हाला परतही पाठवतील. वकिलाला विचारायचीसुद्धा भीती वाटते, कारण विचारलं की त्याला कळणार.

मी दुसऱ्या गावात नोकरी धरली आहे, पुढच्या महिन्यात जाऊ. तिथे पहिल्यापासून सांगणार की नंदा नात्यातली नाही. ती आता मला मामा म्हणत नाही. तूही पत्रात 'माझा भाऊ' आणि 'माझी लेक' असं एकत्र लिहू नकोस. त्या गावात पुण्याचं एक जोडपं आहे, ते मराठी वाचतात. पत्र कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

तू रागावशील हे मला माहीत आहे. पण अक्का, इथे आम्हाला कुणी नाही.

तुझा,
भीमाशंकर

*

सोलापूर,
२० सप्टेंबर १९७३

चि. भीमाशंकर यास आशीर्वाद.

पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग चुलीपाशी बसून हसले, कारण दुसरं काय करावं ते कळेना.

गुन्हा? मग आपल्या पेठेतले निम्मे संसार तुरुंगात घालायला हवेत. आपल्या गल्लीत समोर पद्मसाळी, शेजारी मोमीन, कोपऱ्यावर मराठ्यांची दोन घरं. पद्मसाळ्यांत आपल्यासारखंच, भाची मामाला. मराठ्यांत मामाची मुलगी चालते, बहिणीची चालत नाही. मोमीन चाचीच्या घरात चुलतभावाला चुलतबहीण देतात, ते ऐकून आपण कानांवर हात ठेवतो. म्हणून मी कधी तिच्या शिरखुर्म्याची वाटी परत पाठवली का? ज्याच्या त्याच्या लग्नात जाऊन जेवून यायचं आणि तांदूळ टाकायचे, एवढंच मला माहीत. तुझ्या त्या गावात एवढ्या देशांची माणसं एका पंगतीला बसतात म्हणून कौतुकानं लिहितोस. तुमच्या अमेरिकेला आमची शेंगाचटणी चालते, आमचं नातं चालत नाही.

आणि त्या चोप्राला सांग, आम्ही हिंदू आहोत की नाही ते सिद्धेश्वराला विचारायचं, त्याला नाही.

पण तू घाबरला आहेस. अक्षर बघूनच मला कळलं. आई गेली तेव्हा तू माझ्या परकराला धरून फिरायचास. माझ्या लग्नात तुला बरोबर घेऊनच मी या घरात आले. सासरच्यांनी नाकं मुरडली, तेव्हा तू असाच भिंतीला लागून उभा राहायचास. तसं तुझं अक्षर झालं आहे. म्हणून जास्त बोलत नाही.

बाहेर काय सांगायचं ते सांगा. चार दिवस लोक बोलतील आणि विसरतील. नव्या गावात गेलात की नंदाला रोज ताक घ्यायला सांग, उन्हाळ्यात तिला अंगावर पुरळ उठतं.

तुझी,
अक्का

*

ओहायो,
२८ एप्रिल १९७४

ती. अव्वा,

तू जानेवारीत पाठवलेला मेतकूट-लोणच्याचा डबा परवा मिळाला. पोस्टातल्या माणसानं वास घेऊन विचारलं, हे औषध आहे का? मी हो म्हणाले.

मला सातवा संपत आला. माझी तब्येत चांगली आहे. पाय सुजतात. हे रोज तपासतात आणि रागावतात की मी फार उभी राहते. अव्वा, काल माझं डोहाळजेवण झालं. इथे त्याला वेगळं नाव आहे आणि ते न सांगता करतात. मी शेजारच्या मिसेस नोवाककडे साखर मागायला गेले तर आत सगळ्या बायका लपून बसलेल्या. नोवाक म्हातारी पोलंडची आहे. लढाईत सगळं घरदार गेलेली. ह्यांच्या इस्पितळातली काळी नर्स लुईस आली होती, फिलिपिन्सच्या दोघी आल्या होत्या आणि पुण्याच्या यशोदाबाई. यशोदाबाईंनी हिरवं ब्लाउजपीस आणून माझी ओटी भरली. नारळ नव्हता म्हणून संत्र घातलं. त्यांचं बघून नोवाक म्हातारीनं पण एक संत्र ओटीत टाकलं. लुईसनं स्वतः विणलेली दुलई दिली. सगळ्या माझ्याशी इतक्या चांगल्या वागतात की कधी कधी मला लाज वाटते.

लाज वाटायचं कारण तुला सांगते, कारण तुझ्यापासून मी कधी काही लपवलं नाही. त्यांनी हे सगळं केलं ते मला आई नाही म्हणून. बाहेरच्या खोलीत तुझा फोटो आहे. ज्या बहिणीनं वाढवलं ती हीच, असं हे येईल त्याला अभिमानानं सांगतात. पहिल्याच महिन्यात यशोदाबाईंनी विचारलं, आणि नंदाची आई कुठे असते? एका फोटोत दोघी कशा सांगणार? हे म्हणाले, ती लहान असतानाच वारली.

काल ते बोलणं निघालं तेव्हा सगळ्या रडल्या. मलाही रडू आलं. पण माझं खरं होतं अव्वा, मला तुझी आठवण आली होती.

रागावू नकोस. ह्यांना रागावून लिहू नकोस.

तुझी,
नंदा

*

सोलापूर,
१५ मे १९७४

भीमाशंकर,

मी कधी वारले आणि कशानं वारले तेवढं कळव. इथे लोकांना सांगायला बरं पडेल.

तुझे दाजी विचारत होते, पत्रात काय लिवलंय? मी म्हटलं, मी मेले असं लिहिलंय. ते म्हणाले, "मग आज सैपाक कोन करनार?" त्यांना चेष्टा वाटली. मी भाकरी केल्या, त्यांना वाढल्या आणि मग मोरीत जाऊन रडले.

आपली आई खरंच मेली होती भीमा. मेलेली आई म्हणजे काय ते तुला माहीत आहे. शाळेतून आल्यावर तू चुलीपाशी जाऊन बघायचास आणि मला बघून तोंड फिरवायचास, पुष्कळ दिवस. ते दुःख तू माझ्या लेकीच्या पदरात फुकटचं घातलंस, तिची आई इथे धडधाकट उभी असताना. आणि माझा फोटो भिंतीवर टांगलास.

नंदाला मी काही लिहिणार नाही. तिला या दिवसांत त्रास नको.

अक्का

*

ओहायो,
३० मे १९७४

ती. अक्का,

तू दोन थोबाडीत मारल्या असत्यास तर बरं झालं असतं. त्या दिवशी यशोदाबाईंनी विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं. आधी ठरवलं नव्हतं. एकदा बोललेलं आता मागे घेता येत नाही. तुला मेलेली म्हणताना मला काही वाटलं नाही असं समजू नकोस. पण तुझा फोटो काढून ठेवायला सांगितलं असतंस तर मला ते जमलं नसतं. माझी बहीण की नंदाची आई, दोन्हीतलं जे एक सोडता आलं ते मी सोडलं.

आता भांडायला वेळ नाही. नंदाचे दिवस भरत आले. इतक्या लांबचा विमानप्रवास तिला करू देणार नाहीत आणि ती रात्रंदिवस तुझंच नाव घेते. तू ये. तिकीट मुंबईच्या ऑफिसात ठेवलं आहे. दाजींना सांगून व्हिसाचं काम लगेच करून घे. माझी बहीण म्हणून ये. त्यात खोटं काही नाही, बहीण तू आहेसच. नंदा तुला चारचौघांत वन्सं म्हणेल. तेही खोटं नाही. फक्त एक नातं बोलायचं नाही, एवढंच मागतो.

तुझ्या तोंडून एकदा 'माझी लेक' असं गेलं तर आमचं इथलं सगळं संपेल. तुला मराठीत बोलताना यशोदाबाई ऐकतील आणि त्या रोज येतात. म्हणून स्पष्ट लिहिलं.

तू म्हणाली होतीस, पहिलं बाळंतपण माझ्या हातचं. मी ते विसरलो नाही.

भीमा

*

सोलापूर,
१२ जून १९७४

भीमाशंकर,

येते. वन्सं तर वन्सं. डिंकाचे लाडू करून आणते, नंदाला म्हणावं तोवर वाकून फरशी पुसत बसू नकोस.

अक्का

*

सोलापूर,
२४ नोव्हेंबर १९७४

चि. सौ. नंदास आणि चि. शिवलीलास अनेक आशीर्वाद.

मी पोचले. सुगला स्टेशनवर गळ्यात पडली. गल्लीतल्या बायकांनी मला मध्ये बसवून सगळं विचारून घेतलं. मी मोटारींचं सांगितलं, बर्फाच्या कपाटाचं सांगितलं, नोवाक म्हातारीचं सांगितलं. मोमीन चाचीनं लेकीच्या लेकीचं विचारलं, "नवासी किस पे गई?" मी म्हटलं, माझ्यावर. तिथे हे कुणी विचारलं नव्हतं.

मी निघताना विमानतळावर तू सगळ्यांसमोर वाकलीस आणि म्हणालीस, "वन्सं, येत जा." यशोदाबाई डोळे पुसत मला म्हणाल्या, अशी भावजय नशिबानं मिळते. मी म्हटलं, हो.

तुला एक सांगायचं राहिलं. तू दवाखान्यातून आल्यावर दोनदा विचारलंस, "तेव्हा तू कुठं होतीस?" मी म्हटलं, खाली देवाचं नाव घेत बसले होते. ते खरं नव्हतं.

मी दाराबाहेर उभी होते. तू आत 'अव्वा, अव्वा' म्हणून ओरडत होतीस, ते मला शब्द न् शब्द ऐकू येत होतं. लुईस दार उघडून बाहेर आली आणि भीमाला काही विचारलं. तू कुणाला बोलावतेस असं विचारत असणार. भीमानं तिला सांगितलं, अव्वा म्हणजे आई. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती माझ्याकडे आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलली. मी भीमाकडे बघितलं. तो मला म्हणाला, "अक्का, ती म्हणतेय, आता तुमीच तिची आई व्हा." सांगताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

ती बाई मला हाताला धरून आत नेत होती. तिथे तसं कुणाला नेत नाहीत, पण ती नेत होती. शेजारी यशोदाबाई उभ्या होत्या. मी आत आले असते आणि तुझा चेहरा बघितला असता, तर माझ्या तोंडून काय निघालं असतं ते मला ठाऊक होतं. मी मान हलवली आणि हात सोडवून घेतला. लुईसला वाटलं असेल, नणंद ती नणंदच.

मग बाळ रडलं आणि तू गप्प झालीस.

बारशाला आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव मीच सांगितलं, आत्याच्या मानाची साडी मीच घेतली. इथे असतं तर लोक हसून लोळले असते, की अक्कम्मा एका हातानं देते आणि दुसऱ्या हातानं घेते. पण आजीनं शिवलेली कुंची मला आत्याची म्हणून द्यावी लागली. मी ती तुझ्या बाबांच्या जुन्या मऊ धोतराचं अस्तर लावून शिवली होती. यशोदाबाईंनी विचारलं, विकत घेतली का? तू हो म्हणालीस.

तुला दोष देत नाही. बाळाला तेलाचं मालीश रोज कर. टाळूवर तेल जिरलं पाहिजे.

तुझी,
अव्वा

*

ओहायो,
१४ मार्च १९७६

ती. वन्सं यांस सौ. नंदाचा नमस्कार.

हे वाचून दचकू नका. लीला आता खूप बोलते. घरात जे ऐकते तेच बाहेर जाऊन बोलते. परवा यशोदाबाईंसमोर तुमच्या फोटोकडे बोट दाखवून 'अव्वा' म्हणाली. यशोदाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आत्या म्हणता येत नाही तिला अजून. तेव्हापासून आम्ही ठरवलं की घरातही तेच नाव ठेवायचं, म्हणजे चूक व्हायची भीती नाही. आता ती फोटोला छान आत्या म्हणते. मलाही सवय राहावी म्हणून पत्रातही असंच लिहिते. ह्यांनी सांगितलं म्हणून नाही, मलाच बरं वाटलं. सारखं जिवाला घोर लावून किती दिवस राहायचं?

लीलाला मोठी झाल्यावर सांगू का, असं ह्यांना मी विचारलं होतं. हे म्हणाले, ती इथलीच मुलगी. ऐकून तिला आपल्या सगळ्यांचीच किळस येईल. मलाही ते पटतं.

बाकी आमचं खूप चांगलं चाललं आहे. मी मोटार चालवायला शिकले. यंदा अमेरिकेला दोनशे वर्षं होतात. जुलैमध्ये गावात मोठी मिरवणूक आहे. प्रत्येक देशातून आलेले लोक आपापल्या कपड्यांत चालणार. लीला परकर-पोलकं घालून, कपाळाला विभूती लावून गाडीवर बसणार. गाडीवर मोठ्या अक्षरांत लिहिणार आहेत, आपण सगळे एका घरचे. लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे.

आणि मोठी बातमी. हे आता इथले नागरिक झाले. बहिणीसाठी अर्ज करता येतो. बहिणीबरोबर तिचा नवरा आणि लग्न न झालेली मुलंही येतात. म्हणजे तुम्ही, बाबा आणि सुगला, तिघांनाही कायमचं येता येईल. वर्ष-दोन वर्षं लागतील. हे म्हणतात, सुगलाला इथे कॉलेजात घालू. बाबांना इथे मी दाजी म्हणेन. सुगला मला मामी म्हणेल. सुरुवातीला अवघड जातं, मग जीभ वळते.

सुगलाचं लग्न मात्र तोवर करू नका, नाहीतर तिला येता येणार नाही. लगेच होकार कळवा.

आपली,
सौ. नंदा

*

सोलापूर,
६ ऑगस्ट १९७६

चि. सौ. नंदास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण घरात लग्न होतं.

सुगलाचं लग्न केलं, मे महिन्यात. मोहोळला दिली. मुलाचं किराणा दुकान आहे, माणसं बरी आहेत. त्यांचं आपलं सात पिढ्यांत कुठे नातं नाही. इथे सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. माझ्या नणंदेचा नागप्पा मागणी घालून बसला होता, घरचा मुलगा, बँकेत नोकरी. नणंद दारात येऊन बोलली, "घरात सोनं असताना परक्याला पोरगी दिलीस, येड लागलं काय ग तुला?" तुझे बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सुगला स्वतः रडली, की नंदाक्काला घरात दिलीस आणि मला बाहेर का?

मी तिला काही सांगितलं नाही. तुला सांगते. तुला मी माझ्या भावाला दिली ती तू माझीच राहावीस म्हणून. भाऊ माझा, लेक माझी, म्हटलं दोन्ही हात भरलेले राहतील. तिथे जाऊन माझे दोन्ही हात रिकामे झाले. भीमाला बहीण आहे, पण तिच्या लेकीचं नाव त्याला घेता येत नाही. तुला नणंद आहे. लीलाला एक आत्या आहे फोटोतली. माझ्या नातीला माझी किळस येईल असं तू लिहिलंस, आणि तुला ते पटलं. त्या वाक्यापाशी मी पत्र खाली ठेवलं, ते पुन्हा उचलायला मला फार दिवस लागले.

परक्या घरात सासू छळेल, नणंद टोचेल, मारहाणसुद्धा होईल एखादे वेळी. ते सगळं मला माहीत आहे. पण तिची आई कोण, हे तिथे कुणाला लपवावं लागणार नाही. म्हणून दिली.

अर्ज करू नका म्हणून तुझ्या नवऱ्याला सांग. बहीण म्हणून मी एकदा येऊन गेले, ते पुरे झालं. आई म्हणून तिथे मला कुणी बोलावत नाही. तुम्ही सुखात राहा, हे मी मनापासून लिहिते. तुझी गाडी, लीलाची मिरवणूक, सगळं नीट पार पडलं असेल. त्यात माझा काही राग नाही. मला फक्त आणखी एक पत्र 'वन्सं' म्हणून नको. तसं लिहायचं असेल तर लिहू नकोस.

पंचमीला सुगला पहिल्यांदा माहेरी आली. गल्लीच्या तोंडाशीच टांग्यातून उतरली आणि तिथूनच तिनं 'अव्वा' म्हणून अशी हाक मारली की कोपऱ्यावरच्या घरातली माणसं बाहेर आली. मी चुलीपाशी होते. भाकरी तव्यावर तशीच टाकून पळाले, पदर कुठे आणि पाय कुठे याचं भान नव्हतं. तिला उंबऱ्याबाहेरच धरलं आणि मोठ्यानं म्हटलं, "आली ग माझी लेक." मी दोनदा म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

अव्वा